काडतुसांची वाटणी

४ फेब्रुवारी

चि. चिमीस,

आशीर्वाद आहेतच, पण किती द्यायचे हे तुझं उत्तर आल्यावर ठरवीन.

हे वाचून फोन करू नकोस. मागच्या वेळी तू बराच वेळ बोलत होतीस आणि मी हो हो म्हणत होतो. मी नक्की कशाकशाला होकार दिला हे मला अजून कळलेलं नाही. शिवाय फोनवर तू ओरडतेस. पत्रात तुझा आवाज बरा असतो.

मुद्द्याचं सांगतो. आमच्या गल्लीत चोरांचा सुळसुळाट झाला आहे. समोरच्या शिंपीणबाईंच्या दोरीवरून दोन चादरी गेल्या. नळ दुरुस्त करणाऱ्याची सायकल गेली, ती दुसऱ्या दिवशी त्याच्याच मेव्हण्याकडे सापडली हा भाग वेगळा. कोपऱ्यावर रंगाचं दुकान आहे, त्या रंगवाल्यांनी पुढाकार घेऊन गल्ली रक्षण समिती काढली. पहिल्या सभेत त्यांनी विचारलं, कोणाकडे काय शस्त्र आहे ते सांगा. नळवाल्याने हॉकीची काठी आणली होती. एकाने कुत्रा आहे म्हणून सांगितलं, पण तो कुत्रा फटफटीला घाबरतो हे सगळ्यांना माहीत आहे. मग मी हात वर केला आणि म्हणालो, दुनळी बंदूक.

चिमे, सगळी सभा माझ्याकडे वळली. वजनमापे खात्यात माझी सगळी नोकरी गेली. मी दिसलो की दुकानदार तराजू लपवायचे आणि चहा मागवायचे, पण मनापासून कोणी माझ्याकडे बघितलं नाही. परवा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आता समितीचा प्रमुख आहे.

अडचण तुला ठाऊकच आहे. बाबांनी बाकी सगळी वाटणी शहाण्यासारखी केली. घर मला, शिवणयंत्र तुला, भांडी निम्मी निम्मी. बंदुकीपाशी मात्र त्यांची बुद्धी फिरली. बंदूक मला आणि काडतुसं तुला. वकिलाने दोनदा विचारलं, तर म्हणाले, ज्याला बार काढायचा असेल त्याने आधी दुसऱ्याकडे जेवायला जावं, आणि पोटभर जेवूनही राग उरला असेल तर मागावं. वकील हसला होता, मीही हसलो होतो. आता हसू येत नाही. गल्लीत कोणाला ठाऊक नाही की प्रमुखांची बंदूक रिकामी आहे.

तरी तुझ्या माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात जी काडतुसं आहेत ती कोणा विश्वासू माणसाबरोबर ताबडतोब पाठव.

तुझा,
दादा


१० फेब्रुवारी

प्रिय दादा,

तू प्रमुख झालास हे वाचून मला खरंच आनंद झाला. आमच्या ह्यांना वाचून दाखवलं तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. तो आनंदाचाच होता असं समज.

काडतुसं डब्यात आहेत आणि डबा माळ्यावर आहे. बाबांचा नियम तू स्वतःच लिहून पाठवला आहेस, तेव्हा मला वेगळं काही सांगायला नको. जेवायला ये. तुझ्या आवडीचं करते. जेवल्यावर तुला चोरांचा राग उरला आहे का ते बघू. तुझा राग जेवणापुढे कधी टिकलेला मी तरी पाहिलेला नाही.

एक गोष्ट तुझ्या कानावर घालायची होती, म्हणजे डोळ्यांपुढे. सरकारने शस्त्र जमा मोहीम काढली आहे. तुमच्याकडेही असेल. घरातली बंदूक नेऊन द्यायची, कोणी काही विचारत नाही, परवाना संपलेला असला तरी चालतो, आणि बदल्यात प्रेशर कुकर देतात. वहिनी गेल्यापासून तू पातेल्यात भात करपवतोस. विचार कर.

तोवर चोरांसाठी सोबत एक शिट्टी पाठवते आहे. आमच्या इस्पितळाच्या पहारेकऱ्याकडे आहे तशीच आहे. बंदुकीपेक्षा हलकी आहे आणि चुकून वाजली तर कोणी मरत नाही.

तुझी,
चिमी


१७ फेब्रुवारी

चि. चिमीस,

पार्सल आलं तेव्हा रंगवाले माझ्याकडेच बसले होते. मी त्यांना म्हणालो, आला माल. त्यांच्यासमोर ऐटीत सुतळी कापली आणि आतून शिट्टी निघाली. माझी काय अवस्था झाली असेल याची तुला कल्पना यावी म्हणून लिहितो आहे.

ती शिट्टीही बिघडलेली आहे. मी फुंकली, काही आवाज नाही. जोर लावून फुंकली, तरी नाही. गाल दुखेपर्यंत फुंकल्यावर मागे वळून बघतो तर सगळी समिती दारात उभी, नळवाला काठी घेऊन आणि शिंपीणबाई कात्री घेऊन. रंगवाले कानांवर हात दाबून भिंतीला टेकले होते. मी म्हणालो, ही सराव परीक्षा होती. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. पण असा प्रसंग पुन्हा निभावता येणार नाही.

बापाच्या बंदुकीच्या बदल्यात कुकर घ्यायचा, हे तुला सुचलं तरी कसं? मी जन्मभर वजनमापं तपासली. दोन्ही पारडी सारखी नसली तर मी दुकानाला कुलूप लावत असे. इथे एका पारड्यात घराण्याची दुनळी आणि दुसऱ्यात शिट्ट्या देणारं पातेलं. आणि शिट्ट्यांचं तू मला सांगूच नकोस.

जेवायला यायला माझी ना नाही. पण तुझ्याकडे जेवायला बसलं की तू वॉर्डातल्या गोष्टी सांगतेस. मागे मी वाढून घेतलेलं तसंच टाकून उठलो होतो. शिवाय मी गल्ली सोडून आलो आणि नेमके तेव्हाच चोर आले तर काय तोंड दाखवू?

कायद्याने बघितलं तर काडतुसं विनापरवाना बाळगणारी गुन्हेगार तू आहेस. मी निरीक्षक होतो, हे विसरू नकोस. भाऊ म्हणून एक संधी देतो आहे.

दादा


२५ फेब्रुवारी

प्रिय दादा,

माझ्यावर धाड घालायला तरी ये. जेवूनच जाशील.

आता तुझ्या भाषेत बोलते, वजनमापाच्या. आमच्या अपघात विभागात सध्या एक अधिकारीणबाई येऊन बसतात. गोळी लागून आलेल्या प्रत्येकाची त्या चौकशी करतात. कोणी मारली, कुठे मारली, बंदूक कोणाची होती, कुलपात होती का उशाखाली. या सगळ्यावरून नवे नियम करायचे आहेत म्हणे. मी मुख्य परिचारिका, म्हणून माझ्याच टेबलाशी त्यांचं ठाण असतं, त्यामुळे मला फुकट शिक्षण मिळतं.

गेल्या काही वर्षांत चोरांच्या भीतीने लोकांनी भराभर बंदुका घेतल्या. चोऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या. आमच्या खाटा मात्र पुरेनात. येतात ते कोण येतात विचार. जावई येतात, भाऊ येतात. बंदूक पुसताना स्वतःची मांडी फोडून घेतलेले येतात. गाडी कुठे लावायची यावरून भांडलेले शेजारी येतात, एकाला गोळी लागलेली असते आणि दुसरा बाहेर बाकावर डोकं धरून बसलेला असतो, कारण गाडीतून त्यानेच आणलेलं असतं. आणि एकटी राहणारी म्हातारी माणसं येतात, त्यांच्याबद्दल मी तुला लिहिणार नाही. या सगळ्या काळात खरा चोर म्हणशील तर एकच आला. ज्या घरात शिरला तिथली बंदूक त्याने चोरली आणि भिंतीवरून उडी मारताना स्वतःच्या पायात झाडली. घरमालकाने ती चोरांसाठीच घेतली होती.

अधिकारीणबाई म्हणतात, सगळ्यांत साधा उपाय म्हणजे बंदूक एकीकडे आणि गोळ्या दुसरीकडे, दोन्हीला कुलूप. माणसाचा राग आणि भीती मिनिटभराची असते, तेवढा वेळ काढला की झालं. मी त्यांना बाबांची वाटणी सांगितली. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, तुमचे वडील कुठल्या खात्यात होते? मी म्हणाले, फळबागेत रखवालदार. त्या म्हणाल्या, आम्हाला इतक्या बैठका लागल्या हो.

शिट्टी बिघडलेली नाही, दादा. सोबत कानयंत्र पाठवते आहे. आमच्या कानाच्या डॉक्टरांकडून घेतलं आहे. रागावू नकोस, लाव.

चिमी


५ मार्च

चि. चिमीस,

कानयंत्र लावून बघितलं. मला माझं चावणं ऐकू आलं. इतकी वर्षं मी असा जेवतो हे तुझ्या वहिनीने कधी बोलून दाखवलं नाही, थोर बाई. नंतर नळ टपकताना ऐकू आला, घड्याळ ऐकू आलं, रंगवाले बोलतात त्यातलं निम्मं ऐकू आलं आणि ते ऐकण्यासारखं नव्हतं. यंत्र कपाटात ठेवलं आहे.

आता परिस्थिती गंभीर झाली आहे. हॉकीवाला नळवाला सगळीकडे सांगत सुटला आहे की प्रमुखांची बंदूक भिंतीवर टांगायचीच आहे. मी प्रमुख झाल्यापासून त्याच्या पोटात दुखतं. त्यावर रंगवाल्यांनी भर सभेत जाहीर केलं की रविवारी, सोळा तारखेला, संध्याकाळी सगळ्यांसमोर प्रमुख हवेत एक बार काढतील. म्हणजे चोरांनाही कळेल आणि नळवाल्यालाही. माझ्या गळ्यात हार घालायचं चाललं आहे. मी नाही म्हणू शकलो नाही, कारण ते काय म्हणत होते हे मला टाळ्या संपल्यावर कळलं.

तुझं ते वॉर्डाचं सगळं वाचलं. खरं असेल. पण ते लोक वेगळे. मी तापट नाही, दारू पीत नाही, माझं कोणाशी भांडण नाही. मला एकच बार हवा आहे, तोही आकाशात.

आणि आता लिहितोच. वहिनी गेल्यावर या दाराची कडी कोणी वाजवत नव्हतं. तुझा भाचा तिकडे पवनचक्क्यांवर चढून बसलेला, त्याला सुटी मिळते तेव्हा मिळते. दिवसच्या दिवस मी कोणाशी एक शब्द बोलत नसे. आता लोक येतात. शिंपीणबाई परवा म्हणाल्या, तुम्ही आहात म्हणून आम्हाला झोप लागते. इतकं चांगलं माझ्याबद्दल बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नव्हतं. सोळा तारखेला बंदूक रिकामी निघाली तर मी पुन्हा होतो तसा एकटा बसेन.

मी तुझा भाऊ आहे, चिमे. तुझ्या वॉर्डातला पेशंट नाही. माझ्यावर एवढाही विश्वास नसेल तर तसं कळव, पुन्हा मागणार नाही.

दादा


११ मार्च

प्रिय दादा,

जिंकलास. तुझ्या मागच्या पत्राने मला दोन दिवस काही सुचलं नाही. तू एकटा आहेस हे मला ठाऊक होतं, पण तू ते लिहिशील असं कधी वाटलं नव्हतं.

रविवारी सकाळच्या बसने मी स्वतः येते. काडतुसं घेऊन येते. आधी दोन आणणार होते, मग विचार केला, तू एकच मागितलं आहेस तर एकच. तुझ्याकडे जेवू, संध्याकाळी तुझा कार्यक्रम बघू, आणि मग बंदूक पुन्हा वर ठेवून मी घरी. बाबांच्या नियमात जेवायला कोणी कोणाकडे जायचं ते मी उलटं करते आहे. त्यांना चालेल असं धरून चालू.

अधिकारीणबाईंना मी हे सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे बघायचंही टाळते आहे.

भात पातेल्यातच कर. करपला तरी खाईन.

चिमी


१७ मार्च

प्रिय दादा,

रागावला असशील. रागाव. काल सकाळी निघायच्या वेळी वॉर्डातून बोलावणं आलं, बदलीची परिचारिका आलीच नाही. कोणाला ताप आला, कोणाचं लग्न, मला काय काय कारणं सांगितली. म्हटलं दुपारची बस गाठू, तीही गेली. मी त्या मुलीला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तुझ्या कार्यक्रमाचं काय झालं? नळवाला काय म्हणाला? तू फोन उचलत नाहीस. अर्थात एरवीही उचलत नाहीस. पुढच्या रविवारी नक्की येते, रंगवाल्यांना तारीख बदलायला सांग.

दोन ओळी तरी लिही.

चिमी


२६ मार्च

चिमे,

येऊ नकोस. म्हणजे ये, पण ती वस्तू आणू नकोस.

उशीर झाला कारण हे पत्र मी लिहायला घ्यायचो आणि तुझा भाचा खोलीत यायचा. तो आला आहे. आज त्याला बाजारात धाडलं आहे, तो यायच्या आत लिहून टाकतो.

त्या रविवारी मी तुझ्यासाठी बटाट्याची भाजी केली होती. तू आली नाहीस. वाट बघून जेवलो आणि मागच्या पडवीत खुर्चीवर टेकलो. संध्याकाळसाठी बंदूक पुसून, तेल देऊन, घोडे चढवून मांडीवर घेतली होती. तुझं काडतूस आल्यावर भरायची म्हणून. तसाच डोळा लागला. जाग आली तर मागच्या भिंतीवरून एक दाढीवाला माणूस आत उतरत होता. पाठीवर पोतं होतं.

मी उभा राहिलो, नेम धरला आणि चाप ओढला.

कोण आहे असं विचारलं नाही. ओरडलो नाही. त्याने तोंड वर केलं तेव्हा तो आपला मुलगा होता. दाढी वाढवली आहे त्याने. तिकडे वर वारा लागतो म्हणे. पोतं म्हणजे त्याची बॅग. अचानक येऊन मला चकित करायचं ठरवलं होतं. पुढचं दार वाजवून वाजवून दमला, बाबा बाबा म्हणून हाका मारल्या, आणि मग शाळेत असताना यायचा तसा भिंतीवरून आला. यंत्र कपाटात होतं.

तू म्हणशील, बंदूक तर रिकामी होती. हो. मला ते पक्कं ठाऊक होतं, सगळ्या गल्लीत एकट्या मलाच ठाऊक होतं. त्या वेळी ते माझ्या डोक्यात नव्हतं. मी रिकामी बंदूक चालवली असं कोणी म्हणू नये. मी भरलेलीच चालवली, चिमे. ती रिकामी निघाली एवढंच.

तू सकाळच्या बसने आली असतीस तर. पुढचं मला लिहवत नाही. तुलाही कळतं.

नशीब एवढंच की काही आवाज झाला नाही, त्यामुळे त्याला काही कळलेलं नाही. त्याला वाटलं मी बंदूक पुसतो आहे. म्हणाला, बाबा, आधी पाणी द्या. मग माझ्या हातातून बंदूक घेतली, भिंतीला टेकवली आणि सगळी भाजी संपवली. मी समोर बसून त्याला जेवताना बघत होतो.

संध्याकाळी समिती हार घेऊन आली. मी सांगितलं, बंदूक दुरुस्तीला द्यायची आहे, आणि प्रमुखपद नळवाल्याला द्या. तो इतका गोंधळला की त्याने काठी रंगवाल्यांच्या पायावर पाडली. हार आणलाच होता, म्हणून तो त्याच्या गळ्यात घातला.

पोराची चारच दिवसांची सुटी होती. ती वाढवून घेतली आहे, का ते सांगत नाही. माझ्या खोलीतच खाट टाकून झोपतो. त्याला यातलं काही सांगायची गरज नाही असं मी ठरवलं आहे. तूही बोलू नकोस.

दादा


३० मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र मी वॉर्डाच्या सामानाच्या खोलीत उभी राहून वाचलं आणि तिथेच कापसाच्या गठ्ठ्यावर बसून रडले. मग तोंड धुऊन बाहेर आले आणि त्या बदलीच्या परिचारिकेला बोलावून चहा पाजला. सोबत केकही दिला. ती इतकी घाबरली की तिला वाटलं आपल्याला काढून टाकतात. परवापासून ती वेळेच्या आधी येते आहे.

ते काडतूस त्या दिवशी माझ्या पर्समध्ये होतं. दुपारच्या बसने तरी निघू म्हणून मी ते वॉर्डात घेऊन आले होते. जिथे मी सगळ्या जगाला अक्कल शिकवते तिथे ते घेऊन फिरत होते, आणि ते तुझ्या हातात द्यायला बस मिळेना म्हणून चिडत होते. तेव्हा सगळं तू आपल्या एकट्याच्या माथी मारून घेऊ नकोस. माझा निम्मा वाटा आहे, वाटणीत मिळालेला.

काल सगळा डबा मोहिमेच्या टेबलावर नेऊन दिला. तिथल्या कारकुनाने विचारलं, बाई, बंदूक कुठे आहे? मी सांगितलं, भावाकडे, तो येईल. त्याने मला कुकर दिला नाही. नुसत्या काडतुसांवर फक्त गाळणं मिळतं.

आता एक सांगते, ते शांतपणे वाच. दादा, रिकामी बंदूकही वाजते. बाबा ती साफ करून चाप ओढून बघायचे तेव्हा मी स्वयंपाकघरात असले तरी मला कळायचं. खट् असा चांगला मोठा आवाज होतो. तुला तो ऐकू आला नाही. तो पोरगा भिंतीपाशी होता, तरुण आहे, त्याचे कान चांगले आहेत.

त्याने सुटी का वाढवली असेल, याचा विचार कर. आणि त्याच्याशी बोल. मी बोलणार नाही, ते तुझं आहे.

चिमी


८ एप्रिल

प्रिय चिमे,

आशीर्वाद, आणि ते पूर्ण.

तुझं पत्र आल्यावर मी काही दिवस पोराकडे चोरून बघत होतो. तो कांदा चिरतोय, मी बघतोय. तो दाढी करतोय, मी बघतोय. दाढी त्याने काढून टाकली, आपण होऊन. मी कारण विचारलं नाही. मला धीर होईना.

शेवटी काल सकाळी म्हणालो, ही बंदूक देऊन येऊ. त्याने लगेच स्कूटर काढली. बंदूक चादरीत गुंडाळली, ती मी मागे बसून लहान मुलासारखी मांडीवर धरली. केंद्रावर ही रांग. एकाने छऱ्यांची बंदूक आणली होती, एकाने आजोबांची तलवार, तिच्यावर काही मिळत नाही म्हणून तो भांडत होता. आमच्या पुढे एक बाई नवऱ्याची बंदूक त्याला न सांगता घेऊन आल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे चार माणसं सोडून त्यांचा नवराच उभा होता, तो बायकोला न सांगता दुसरी बंदूक द्यायला आला होता. घरात दोन बंदुका आहेत हे दोघांनाही तिथेच कळलं. पण रांग सोडून दोघांपैकी कोणी गेलं नाही.

मी कानयंत्र लावलं होतं. हल्ली लावतो. त्यात आपला आवाज केवढा येतो याचा अंदाज मला अजून नाही. मी पोराला हळूच विचारलं, अरे, त्या दिवशी तू भिंतीवरून उतरलास तेव्हा तुला काही ऐकू आलं का? सगळी रांग मागे वळली. तलवारवाला भांडायचा थांबला.

पोराने माझ्या हातातली चादर नीट केली. म्हणाला, "आलं होतं, बाबा."

मी म्हणालो, मग बोलला का नाहीस? त्याने सांगितलं की तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो. त्याला यातलं सगळं पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं, चिमे. पाणी मागितलं तेव्हा ठाऊक होतं, भाजी खाल्ली तेव्हा ठाऊक होतं. ती आळणी होती, मी मीठच घातलं नव्हतं, हेही त्याने काल सांगितलं.

रांग पुढे सरकली. त्या बाईंनी बंदूक टेबलावर ठेवली, सही केली, कुकर घेतला. आम्हीही ठेवली. टेबलामागच्या माणसाने बंदूक उघडून आत बघितलं आणि दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत म्हणून मोठ्याने सांगितलं. मला ते ऐकवेना. मी बाजूला भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. पोरगा सही करून आला. मी त्याला विचारलं, आणि या वेळी कोणाला ऐकू जातं याची मला फिकीर नव्हती, की तुला सगळं कळलं होतं, मग त्याच दिवसापासून माझ्याच खोलीत, माझ्या शेजारी खाट टाकून कसा झोपलास? तुला भीती नाही वाटली?

"तुम्हाला झोप येत नव्हती, बाबा," तो म्हणाला. "म्हणून तिथे झोपलो."

तुझा,
दादा